घडी घातलेली होडी

आमच्या भाचेजावयाइतका निरुपयोगी माणूस केळशीपासून वेळणेश्वरापर्यंतच्या किनाऱ्यावर दुसरा सापडायचा नाही, आणि सापडलाच तर तो याच्याकडेच शिकायला आलेला असणार. हे मी रागानं म्हणत नाही. रागवायची सोयच नाही, कारण जावई. माझ्या धाकट्या बहिणीची एकुलती लेक सुलभा, तिचा हा नवरा. तो पडवीची पायरी चढला की मी सत्तरीचा माणूस उठून उभा राहणार, पाय धुवायला पाणी देणार, 'या जावयबापू' म्हणणार, आणि बाकीचं जे काय म्हणायचं ते मनातल्या मनात म्हणणार. इतकी वर्षं मनात साठलेलं आता कागदावर काढतोय. शाळा माझी चौथीपर्यंत, त्यातली चौथी अर्धीच. पण फळीला लागतं तेवढं सरळ मला लिहिता येतं.

मी होड्या बांधणारा. खाडीच्या काठाला नारळाच्या झापांचा माझा मांडव होता, आणि त्या मांडवातून जी होडी पाण्यात गेली ती परत कुणी माझ्याकडे तक्रार घेऊन आणली नाही. कागद नाही, नकाशा नाही. लाकूड बघायचं आणि हात चालवायचा. असला माणूस मी, आणि माझ्या नशिबी जावई आला तो लोटे गावच्या रसायनाच्या कंपनीतला. तिथं तीन पाळ्यांत काम चालतं. कंपनीची बस न्यायला येते, कंपनीची बस आणून सोडते, कपड्यांना गंधकासारखा वास. वाईट काही नाही. आठवड्याच्या सुट्टीला असल्या माणसानं दोन वाटी भात जास्त खाऊन आडवं व्हावं. हा आडवा व्हायचा, पण चिखलात, पोटावर, डोळ्याला कॅमेरा लावून.

सुलभाचं लग्न झालं तेव्हा गावात एसटीडीचा बूथ नवा नवा होता. तेव्हा हा बरा वाटला, कमी बोलणारा, मान खाली. मग दोनेक वर्षांनी आखातातल्या कुणा मित्रानं त्याला मुठीएवढा कॅमेरा आणून दिला आणि माणूस हातचा गेला. एकदा जेवताना मला म्हणाला, "मामा, मी फिल्ममेकर आहे."

मी म्हटलं, "कुठल्या टॉकीजला लागतो तुमचा पिक्चर?"

"टॉकीजला नाही मामा. इंटरनेटवर."

"ते कुठं आलं?"

"सगळीकडे."

"सगळीकडे म्हणजे कुठंच नाही," मी म्हटलं आणि कढी ओतून घेतली. आमची ही आतून डोळे वटारत होती म्हणून पुढचं बोललो नाही.

त्याचे पिक्चर म्हणजे काय, तर एक खेकड्यावर होता. चार मिनिटांचा. मी विचारलं, "खेकडा करतो काय?" तर म्हणे बिळातून बाहेर येतो. "मग?" मग परत बिळात जातो. "आणि हे लोक बघतात?" तर छाती फुगवून म्हणाला, "एकेचाळीस वेळा बघितला गेला मामा." मी सुलभाकडे बघितलं. "त्यातला तू किती वेळा बघितलास गो?" ती पदरात हसायला लागली. हाच खरं बोलला. "नऊ वेळा." एवढं मात्र त्याचं कबूल करतो, खोटं बोलता यायचं नाही. पिक्चर काढणाऱ्याला ते यायला हवं असं मला वाटतं, पण माझं कोण ऐकतो!

घरात आला की आधी खिडक्या बघायचा. उजेड कुठून येतो ते ठरवून मग माणसांना हलवायचा. आमच्या हिला एकदा तांदूळ निवडताना तीन ठिकाणी बसवलं, शेवटी ती गोठ्याच्या दारात बसली आणि सूप घेऊन उठलीच. माझ्या नातीच्या साखरपुड्याला यानं नवऱ्या मुलाला अंगठी पुन्हा घालायला लावली, कारण म्हणे पहिल्या वेळी मागून कुणाचा तरी हात आला. दुसऱ्या वेळी कॅमेऱ्यातली बॅटरी संपली. तिसऱ्या वेळी विहीणबाई मोठ्यानं म्हणाल्या, "आमच्याकडं एका मुलीशी एकदाच साखरपुडा करतात." मी खाली मान घालून पानाच्या तबकाकडं बघत राहिलो. जावई मात्र त्यांना म्हणाला, "तुमचं हे वाक्य फार छान आलं. एकदा पुन्हा म्हणाल का?"

वरून खाली येणारं दृश्य पाहिजे म्हणून त्यानं आमच्या विहिरीवरच्या लाटेला, म्हणजे पाणी ओढायच्या त्या लांब लाकडाला, कॅमेरा बांधला आणि दुसऱ्या टोकाला सुलभाला बसवलं. ती हळूहळू वर जाणार आणि कॅमेरा हळूहळू खाली येणार असा बेत. तेवढ्यात तिला मुंगी चावली. ती उडी मारून उतरली आणि कॅमेरा जो खाली गेला तो थेट पाण्याच्या वितभर वर जाऊन थांबला, ती मागच्या दोरीला मी मारलेल्या गाठीची पुण्याई. दुसऱ्या कुणी बायकोला चार शब्द सुनावले असते. हा आनंदानं नाचायला लागला. पाण्यात आभाळ काय आलंय म्हणे!

आणि आवाजाचं त्याला भारी वेड. चित्रापेक्षा आवाज महत्त्वाचा, असं तो शिकवायचा. माइकला वारा लागू नये म्हणून त्यानं जुन्या अस्वलाच्या खेळण्याचं कातडं काढून त्यावर शिवलं होतं, आणि ते केसाळ बोंडूक बांबूला बांधून तो गावभर फिरायचा. कुत्री मागे लागायची. मग हात वर करून ओरडायचा, "शांत! दोन मिनिटं शांत!" समुद्राला शांत करायला निघालेला हा पहिलाच माणूस. त्याचं खरं वैर आमच्या तांबड्या कोंबड्याशी. यानं कॅमेरा चालू केला की तो आरवायचा, बंद केला की गप्प. यानं त्याला टोपलीखाली घातलं, टोपलीवर गोणपाट घातलं, गोणपाटावर जांभ्याचा चिरा ठेवला. आतून तो तसाच आरवायचा, फक्त लांबून आल्यासारखा. "मामा, याचं काहीतरी करा ना," असं अगदी काकुळतीला येऊन म्हणायचा. मी म्हटलं, "जावयबापू, कोंबडा माझा आहे. पिक्चर तुमचा आहे."

तयार झालेला पिक्चर घेऊन तो एसटीनं दापोलीला जायचा. तिथल्या कॉम्प्युटरच्या दुकानात बसून तो इंटरनेटवर चढवायचा. चार मिनिटांचा खेकडा वर चढायला अर्धा दिवस लागायचा, आणि निम्म्यावर आला की भारनियमन. वीज आली की पुन्हा पहिल्यापासून. एवढ्या वेळात मी एका अंगाच्या फळ्या तासल्या असत्या.

पण हे सगळं मी सोसलं असतं. मला न सोसणारी गोष्ट वेगळीच. प्रत्येक पिक्चरच्या मागून तो दुसरा एक लावायचा, 'हे मी कसं केलं' असा. त्यात सगळं उघडं करून सांगायचा. बांबू कुठून आणला, अस्वल कसं सोललं, उजेड कसा अडवला, आणि वर आपल्या चुका! सुलभा मुंगीसाठी उडी मारते तेही त्यात होतं. कॅमेरा चिखलात पडतो तेही. कुठल्या कुठल्या गावची पोरं त्याला लिहून विचारायची आणि हा पाळी करून आलेला माणूस डोळे चोळत त्यांना उत्तरं लिहायचा. मी एकदा चिडून म्हटलं, "अहो, कसब असं रस्त्यावर ओततात का? आणि चुका? चुका तर माणूस घरच्यांना दाखवत नाही."

तर म्हणाला, "मामा, चांगलं झालेलं बघून कुणाला काही कळत नाही. कुठं चुकलं ते बघून कळतं."

असलं बोलणं ऐकून घ्यावं लागतं. जावई.

आमच्या धंद्यात दाखवायची रीत नाही. होडीचा कणा, त्याला आम्ही पठाण म्हणतो, तो बसला की दोन्ही अंगांना वाक उभे करायचे. वाक म्हणजे होडीच्या बरगड्या. दोन्ही अंगं सारखी आली पाहिजेत. त्यासाठी मिस्त्री पुढच्या टोकाला, नाळेपाशी उभा राहतो, मधोमध दोरी ताणतो, एक डोळा मिटतो आणि बघतो. मग जाऊन ठोकतो, परत येऊन बघतो. याला डोळा धरणं म्हणतात. कुठं उभं राहायचं, दोरी किती उंच धरायची, हे ज्याचं त्याला ठाऊक. तेवढा वेळ मांडवातल्या सगळ्यांनी खाडीकडे तोंड करून उभं राहायचं. हाताखालचे गडीसुद्धा. होडीचा मालकसुद्धा, नारळ हातात घेऊन. माझ्या वस्तादांनी मला सात वर्षं खाडीकडे तोंड करून उभं केलं. शेवटी मी पायाशी पाण्याची बादली ठेवायला लागलो आणि त्या पाण्यात मागचं उलटं बघून शिकलो. पुढे मी मिस्त्री झालो तेव्हा पहिली गोष्ट केली ती ही, की मांडवात बादली ठेवायची नाही.

हसनभाईची होडी बांधायला घेतली तेव्हा ती माझी शेवटची असं मला वाटलं नव्हतं. हसनभाई आखातात पंधरा वर्षं राबून आलेला, आता आपली होडी, आपले चार खलाशी म्हणून हौसेनं बांधत होता. जावई म्हणाला, "मामा, ही पूर्ण होडी मी कॅमेऱ्यात घेतो. पहिल्या ठोक्यापासून." बहिणीनं शब्द टाकला, हिनं टाकला, मी हो म्हटलं. पण डोळा धरताना नाही. "कबूल," तो म्हणाला. आणि त्या दिवशी खरंच सगळ्यांबरोबर खाडीकडे तोंड करून उभा राहिला, कॅमेराही खाडीकडे. अर्धा तास नुसती खाडी घेतली त्यानं! मागून माझं ठोकणं. ते नंतर त्यानं इंटरनेटवर लावलंसुद्धा, 'मामा काम करत असताना'. त्यात मामा नाही. खाडी आहे, एक बगळा आहे, आणि हसनभाईच्या हातातला नारळ.

वाक बसले, खालच्या तीन-तीन फळ्या चढल्या. हसनभाई रोज येऊन होडीवर हात फिरवून जायचा. एका सुट्टीला जावई आला तो कॅमेरा न घेता. हे मी पहिल्यांदा बघत होतो. हसनभाई मांडवातच होता, तर हा त्याच्याशी उगाच पाण्यापावसाचं बोलत राहिला. हसनभाई गेला तेव्हा पिशवीतून एक मोठा छापलेला फोटो काढला. होडी समोरून, बरोबर नाळेवरून घेतलेली. त्याला सवय होती, प्रत्येक चित्र छापून त्याची उभी घडी घालून बघायची, दोन बाजू किती जुळतात ते. मी त्यालाही हसलो होतो पूर्वी. त्यानं माझ्यासमोर तो कागद बरोबर पठाणावर दुमडला आणि उन्हाकडे धरला. एका होडीतून दुसरी होडी दिसत होती. नाळ नाळेवर बसली होती. पण डावं अंग उजव्याच्या बाहेर दोन रेघा दिसत होतं.

मी म्हटलं, "कॅमेरा वाकडा धरलास."

इतक्या वर्षांत मी त्याला पहिल्यांदा अरेतुरे केलं. त्याला ते लागलं की नाही कळलं नाही. "असेल मामा," तो म्हणाला. "म्हणून वेगवेगळ्या उंचीवरून तीनदा घेतला."

"तिन्ही वेळा वाकडा धरलास. खेकडे काढ जा."

त्यानं फोटो माझ्या लाकूड तासायच्या वाकसाखाली ठेवला, वाऱ्यानं उडू नये म्हणून, आणि चहाही न घेता गेला.

गड्यांना मी लवकर घरी घालवलं. मग नाळेच्या मधोमध दोरी धरली, उजवीकडच्या मधल्या वाकापर्यंत नेली, गाठ मारली. तीच दोरी डावीकडे नेली. गाठ दोन बोटं अलीकडे राहिली. मी पुन्हा केलं. वेगळी दोरी घेऊन केलं. मग नाळेपाशी उभा राहून एक डोळा मिटला, नेहमीसारखा डावा, आणि बघितलं. होडी सारखी दिसत होती. मग उजवा मिटला आणि डाव्यानं बघितलं. तेव्हा दिसलं. माझ्या उजव्या डोळ्यावर कधीपासून पडदा यायला लागला होता आणि मला त्याचा पत्ता नव्हता. अशी होडी उभी असताना कुणाला सांगून पटणार नाही. पण जाळं भरून आलं, आडवी लाट आली, की ती एका अंगावर जाते. आणि त्यात हसनभाई, चार खलाशी. डोळा धरला त्या दिवशी मांडवात पाच माणसं होती. एकाला जरी माझ्याबरोबर बघायची मुभा असती तर तो बोलला असता. पाचही जण खाडीकडे बघत होते.

सकाळी बूथवर जाऊन लोट्याला त्यांच्या घरी फोन लावला. सुलभानं त्याला बोलावून दिलं. मी म्हटलं, "जावयबापू, या. आणि ते घेऊन या."

"काय मामा?"

"कॅमेरा. दुसरं काय असतं तुमच्याकडं?"

मग हसनभाईकडे गेलो. सांगितलं, फळ्या काढणार, वाक सोडवणार, होडीला उशीर होईल, चूक माझी. सांगताना त्याच्या अंगणातल्या सुकत घातलेल्या बांगड्यांकडे बघत होतो. हसनभाईनं दाढी खाजवली. मग म्हणाला, "मिस्त्री, हे मला बाहेर खोल पाण्यात कळलं असतं तर तिथून तुम्हाला हाक कशी मारली असती मी?" एवढंच बोलला आणि आत तोंड करून चहा सांगितला.

फळ्या निघाल्या. वाक सुटे झाले. जावई आला, अस्वल बांबूला लावलं, कॅमेरा नाळेपाशी, माझ्या खांद्यामागे. सवयीनं गडी खाडीकडे वळले. मी म्हटलं, "इकडं बघा रे." ते वळले, पण माझ्याकडे न बघता एकमेकांकडे बघायला लागले, लाजल्यासारखे. मी डावा डोळा उघडा ठेवून दोरी धरली आणि आयुष्यात पहिल्यांदा तोंडानं सांगत गेलो. पाय कुठं, दोरी किती उंच, गाठ कुठं. आवाज बसला होता, मध्येच थांबत होतो. आणि नेमका दोरी नाळेवर टेकवली त्या वेळी घराकडून तो तांबडा कोंबडा आरवला. टोपली घालायला त्या दिवशी सगळेच विसरले होते. मी थांबलो. पहिल्यापासून करायचं म्हणून दोरी खाली घेतली. तो मागून काहीतरी म्हणाला आणि मी दोरी परत उचलली. काय म्हणाला ते तेव्हा कानावर पडलं, डोक्यात शिरलं नाही.

काम आटपल्यावर पडवीत बसून त्यानं हळूच विचारलं, "मामा, चुकलेलं अंग, ती फोटोची घडी... ते ठेवू की काढू? तुम्ही म्हणाल तसं. कुणालाच कळणार नाही."

मी म्हटलं, "स्वतःच्या चुका जगभर दाखवता. माझी तेवढी काढता? माझी काय कमी प्रतीची आहे?"

त्यानं ठेवली. दापोलीत तीन वेळा वीज गेली आणि चौथ्यांदा होडी वर चढली. हसनभाईची होडी आजही जाते, सरळ. इंटरनेटवरच्या होडीबद्दल लोकांनी लिहून विचारलं. कुठल्या तरी नदीकाठच्या माणसानं विचारलं की दोरी नाळेपासून किती बोटं वर धरायची. जावयानं मला फोन करून विचारलं. मी म्हटलं, "चार लिहा. पण बोटं माझी धरा, त्यांची नको." त्यानं तसंच लिहिलं, मला ठाऊक आहे.

पुढच्या वर्षी त्याच्या कंपनीनं त्याला गुजरातच्या कारखान्यात पाठवलं. सुलभा गेली, कॅमेरा गेला, बांबू तेवढा आमच्या गोठ्यात राहिला. गावात आता सगळे फायबरच्या होड्या आणतात, त्यांना मिस्त्री लागत नाही. मांडवाची झापं मी उतरवली. एका डोळ्याचं ऑपरेशन जमलं, दुसऱ्याचं वेळ निघून गेली म्हणाले. अक्षर दिसतं, पण टीव्हीवरचं सगळं धुक्यातून बघितल्यासारखं. सुलभानं पिक्चरची सीडी पाठवलीय. दुपारी आमची ही लावून देते आणि तिच्या कामाला जाते. मला दिसत नाही म्हणून मी ऐकतो.

आणि हे मान्य करायला मला जड जातं, पण त्यात सगळं ऐकू येतं. वाकस कोरड्या लाकडावर पडतो तो वेगळा आणि ओल्यावर पडतो तो वेगळा. दोरी ताणली की करकरते ते. मांडवाच्या झापांत वारा शिरतो ते. जे ऐकायला त्या माणसानं गावातल्या कुत्र्यांशी वैर धरलं, ते सगळं तिथं आहे. म्हणून त्याच्याबद्दलचं माझं मत बदललं असं नाही. खेकड्यावर चार मिनिटं घालवणारा माणूस तो खेकड्यावर चार मिनिटं घालवणाराच. पण त्या पिक्चरात एक जागा येते. माझा बसका आवाज 'दोरी इथं टेकवायची' म्हणतो, आणि लांबून कोंबडा आरवतो. माझा आवाज थांबतो. दुसऱ्या कुठल्याही दिवशी त्यानं हात वर करून सगळं बंद केलं असतं. ही चूक त्याला सहज कापताही आली असती. त्यानं ती ठेवलीय, आणि तिच्या मागून स्वतःचा आवाजही, कॅमेऱ्यामागचा, एरवी कधीच न येणारा. "असू दे मामा," तो म्हणतो. "चालू ठेवा."

दर दुपारी म्हणतो. समोर होडी नसते, हातात वाकस नसतो. तरी मांडीवरचा माझा उजवा हात दोरी उचलल्यासारखा थोडा हलतो.